जुना कर्नल नव्या बोर्डावर का चालू नये?

भोसरी एमआयडीसीत आमच्या ओळखीतल्या एका काकांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन गाळे, सहा माणसं आणि २००८ साली घेतलेलं एक सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेने लाकूड कापणारं मशीन, ज्याच्यावर अजूनही रोज काम निघतं. मशीनला काही झालेलं नाही, स्पिंडल ठीक, मोटारी ठीक, पण त्याला जोडलेल्या पीसीचा मदरबोर्ड गेला, कपॅसिटर फुगले होते. तो पीसी विंडोज एक्सपीवर चालतो कारण मशीनच्या मोटारी हलवणाऱ्या मोशन कार्डचा ड्रायव्हर एक्सपीचाच आहे आणि ते कार्ड बनवणारे लोक कधीच धंदा बंद करून गेले. काकांनी मला बोलावलं, म्हणाले अरे नवीन बोर्ड टाक, काय लागतील ते पैसे लागतील पण सोमवारी माल द्यायचाय. मी शोधून शोधून जुना पीसीआय स्लॉट असलेला नवाकोरा बोर्ड आणला, बायोसमध्ये लेगसी बूट, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय, चालू केलं, क्लोन केलेली हार्डडिस्क लावली, बटण दाबलं आणि निळी स्क्रीन. स्टॉप कोड ए५. वर इंग्रजीत वाक्य, की या सिस्टीमचं बायोस एसीपीआयच्या नियमांत पूर्ण बसत नाही.

काकांनी साहजिकच विचारलं, म्हणजे बोर्ड खराब निघाला का? बोर्ड अजिबात खराब नव्हता. बोर्डाचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच भरून दिलेला प्रोग्रॅम (बायोस त्यातलाच), नव्या एसीपीआयच्या नियमाने लिहिलेलं होतं आणि एक्सपीच्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, जुन्या आवृत्तीची भाषा येत होती, म्हणजे दोघंही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होते आणि दोघांच्या मध्ये एका माणसाचं चालतं मशीन बंद पडलं होतं. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही, कारण आपण सगळ्यांनी हे गृहीत धरून टाकलंय की जुनी सिस्टीम नव्या हार्डवेअरवर चालणार नाही म्हणजे नाहीच, जसं काय दूध नासतं तसं सॉफ्टवेअरही नासतं. मला हे मान्य नाही. सॉफ्टवेअर नासत नाही. ते जिथे उभं आहे तिथली जमीन कुणीतरी काढून घेतं, आणि जो काढून घेतो त्याने तसं ठरवलेलं असतं.

आधी एसीपीआय म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पूर्वी मशीन झोपवणं, पंखा चालवणं, बॅटरी मोजणं ही कामं बायोस स्वतः करायचं आणि ऑपरेटिंग सिस्टीमला पत्ताच नसायचा. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआयची पहिली आवृत्ती काढली, त्यात कल्पना अशी की बोर्डावर काय काय आहे आणि ते कसं हाताळायचं हे फर्मवेअरने तक्त्यांमध्ये लिहून मेमरीत ठेवायचं आणि कर्नलने ते वाचायचं. नुसती माहितीच नाही तर छोटे छोटे प्रोग्रॅमसुद्धा, एका मधल्या भाषेत लिहिलेले, ज्यांना एएमएल म्हणतात, आणि कर्नलमध्ये ती भाषा चालवणारा एक इंटरप्रिटर. म्हणजे कर्नलला तुमचा विशिष्ट बोर्ड माहीत असायची गरजच नाही, बोर्ड स्वतःच सांगतो मी कसा आहे ते. थोडा विचार केला तर लक्षात येईल की हा सगळा खटाटोप मुळात याच्यासाठीच होता की आज लिहिलेला कर्नल उद्याच्या बोर्डावर चालावा.

आणि ज्यांनी हे बनवलं त्यांनी पुढचा विचार खरंच केला होता, याचं मला फार कौतुक वाटतं. कर्नल मेमरीत सगळ्यात आधी जी छोटी नोंद शोधतो तिला आरएसडीपी म्हणतात, पहिल्या आवृत्तीत ती २० बाइटची होती आणि ती धड आहे का हे तपासायला एक चेकसम, म्हणजे पडताळणीची बेरीज, होता. २००० साली दुसरी आवृत्ती आली, ६४ बिटचे पत्ते द्यायचे होते, मग नोंद ३६ बाइटची झाली. पण जुने २० बाइट होते तसेच ठेवले, त्यांचा चेकसमही तसाच ठेवला, आणि नवीन भागासकट पूर्ण ३६ बाइटचा वेगळा दुसरा चेकसम पुढे जोडला. जुना कर्नल आला की तो पहिले २० वाचतो, बेरीज जुळते, त्याचं काम होतं, पुढे आणखी काही आहे हे त्याला कळतही नाही. तसंच एफएडीटी नावाचा तक्ता पहिल्या आवृत्तीत ११६ बाइटचा होता तो वाढत वाढत सहाव्या आवृत्तीत २७६ बाइटचा झाला, तरी सुरुवातीची जागा न हलवता, कारण प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर त्याची लांबी लिहिलेली असते, तुम्हाला जेवढं कळतं तेवढं वाचा आणि बाकीचं सोडून द्या. जुन्या वाड्याला मागे खोल्या वाढवायच्या पण पुढचा दरवाजा हलवायचा नाही, तसं.

मग बिघडलं कुठे? बिघडलं ते बरंचसं एएमएलच्या भाषेत. तक्त्याला शेपूट जोडता येतं, पण प्रोग्रॅममध्ये मध्येच एक नवीन आज्ञा आली तर जुना इंटरप्रिटर काय करणार, तो तिथेच अडकतो. दुसऱ्या आवृत्तीत आकडे ३२ बिटचे ६४ बिटचे झाले, नव्या आज्ञा आल्या, पाचव्या आवृत्तीत जीपीआयओ आणि आयटूसी सारख्या जोडण्या सांगायची सोय आली, ती मोबाइल-टॅबलेट छापाच्या हार्डवेअरसाठी हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रोसेसरचं उदाहरण घ्या. सुरुवातीपासून प्रोसेसर सांगायला एक खास शब्द होता, सहाव्या आवृत्तीत, म्हणजे २०१५ मध्ये, तो जुना ठरवला आणि त्याऐवजी प्रोसेसरसुद्धा एक सर्वसाधारण डिव्हाइस म्हणून सांगा असं म्हटलं, आणि पुढे ६.४ मध्ये तो शब्द नियमातून काढूनच टाकला. ज्या कर्नलला फक्त जुना शब्द कळतो त्याला असल्या बोर्डाच्या एएमएलमध्ये प्रोसेसरची नोंदच सापडत नाही! दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदू शकले असते का, यावर तज्ज्ञ लोक वाद घालतील, पण कोणता जुना कर्नल यामुळे मरेल हा प्रश्न ज्याच्या उत्तरावर निर्णय अडेल असा कुणी विचारलेला मला तरी दिसत नाही.

इथे माझा मुद्दा सरळ मांडतो. जुना कर्नल आणि नवं फर्मवेअर यांच्यात न जमण्याची जबाबदारी नव्या बाजूची आहे. कारण साधं आहे, जुन्याला पुढचं दिसत नाही पण नव्याला मागचं सगळं दिसतं. २००१ साली एक्सपी लिहिणाऱ्याला २०२१ मध्ये काय येणार हे कळणं शक्यच नव्हतं, पण २०२१ मध्ये फर्मवेअर लिहिणाऱ्याच्या हातात एक्सपी आहे, विंडोज सेव्हन आहे, लिनक्सचा प्रत्येक जुना कर्नल डाउनलोडला उपलब्ध आहे, तो आज दुपारी बसून तपासू शकतो. ज्याला तपासता येतं त्याच्यावर जबाबदारी, ज्याला येत नाही त्याच्यावर नाही. जुन्या बाजूचं कर्तव्य एवढंच की जे कळत नाही त्याच्यावर डोकं आपटून मरायचं नाही, ते सोडून पुढे जायचं, आणि हे कर्तव्य एक्सपीने नीट पाळलं नाही हेही मी मान्य करतो. एक न कळलेली आज्ञा दिसली म्हणून पूर्ण मशीन पाडायची गरज नव्हती.

आता ओएसआयची गोष्ट, कारण फर्मवेअर आणि कर्नल यांच्यातला करार कसा सडतो हे त्यातून फार स्पष्ट दिसतं. फर्मवेअरला कर्नलला विचारता येतं की तुला अमुक जमतं का, त्या प्रश्नाला ओएसआय म्हणतात. प्रत्यक्षात काय झालं, बोर्डवाले विचारायला लागले तू कोणती विंडोज आहेस. एक्सपीसाठी विंडोज २००१, व्हिस्टासाठी विंडोज २००६, सेव्हनसाठी विंडोज २००९, अशी नावं ठरलेली आहेत, आणि उत्तराप्रमाणे फर्मवेअर वेगळं वागतं. लिनक्सने सुरुवातीला प्रामाणिकपणे सांगितलं मी लिनक्स आहे, तर त्या उत्तराची वाट कुणी तपासलेलीच नसायची किंवा चुकीची असायची, म्हणून २००७ पासून लिनक्सने ते सांगणं बंद केलं, आणि आज लिनक्सचा कर्नल विंडोजच्या सगळ्या नावांना हो म्हणतो. कारण बोर्ड कारखान्यात तपासला जातो तो विंडोजवर, आणि ज्या वाटेवर तपासणी झाली तीच एक वाट धड असते. २०१५ मध्ये डेलच्या एक्सपीएस १३ लॅपटॉपचं प्रकरण झालं, तिथे फर्मवेअर रेव्ह नावाची किंमत बघून लिनक्स आहे का ते ओळखायचं आणि त्याप्रमाणे साउंडची जोडणी बदलायचं. हेतू चांगलाच होता, लिनक्सवर आवाज चालावा म्हणून केलेलं, पण लिनक्सच्या लोकांनी शेवटी ठरवलं की यापुढे रेव्हला आपण कायम २ च उत्तर देणार, विंडोज देतं तसंच, म्हणजे कुणाला आपल्याला वेगळं काढताच येणार नाही. दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी खरं बोलायचं बंद केल्यावरच काम सुरळीत चालतं अशी अवस्था जेव्हा येते तेव्हा तो करार कागदावरच उरलेला असतो.

याच्यात दुष्ट हेतू किती, असं लोक विचारतात. बिल गेट्स यांची जानेवारी १९९९ ची एक ईमेल अमेरिकेत आयोवा राज्यातल्या खटल्यात बाहेर आली, त्यात त्यांनी असा विचार मांडला होता की एसीपीआयची ही जोड विंडोजपुरती ठेवता येईल का, नाहीतर मेहनत आपण आणि आपले भागीदार करणार आणि लिनक्स आयतं उत्तम चालणार. ती ईमेल खरी आहे. पण तसं झालं नाही हेही तितकंच खरं, नियम खुला राहिला, २०१३ पासून तो यूईएफआय फोरमकडे, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेल्या फर्मवेअरचे नियम ठरवणाऱ्या मंडळाकडे आहे, आणि लिनक्समध्ये जो एसीपीआयचा कोड चालतो त्याचा गाभा इंटेलच्या लोकांनीच खुला करून दिलेला आहे. माझ्या मते खलनायक शोधण्यात वेळ घालवू नये. बहुतेक नुकसान कटामुळे होत नाही. ज्या गोष्टीचं कुणी उत्तर मागत नाही ती कुणी तपासत नाही, एवढ्यानेच होतं.

बरं, हे अशक्य आहे असं कुणी म्हणत असेल तर यूएसबी आणि एनव्हीएमई, म्हणजे एसएसडीशी बोलायची ठरलेली पद्धत, यांच्याकडे बघा. एनव्हीएमईचा पहिला नियम मार्च २०११ मध्ये आला, लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर २०१२ च्या ३.३ कर्नलपासून आहे, आणि आज दुकानातून आणलेली नवी एसएसडी तितक्या जुन्या कर्नलला साधारणपणे दिसते, कारण ती डिस्क स्वतःची ओळख कंपनीच्या नावाने नाही तर वर्गाने देते, मी एनव्हीएमई आहे, माझ्याशी असं असं बोला. कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह, सगळं असंच. दहा वर्षांपूर्वीच्या सिस्टीमला तुम्ही आज घेतलेला माउस लावता आणि तो चालतो, आपल्याला त्यात काही विशेषही वाटत नाही. उलट वायफायचं बघा, तिथे असा वर्गाचा करार नाही, प्रत्येक चिपला वेगळा ड्रायव्हर, म्हणून नव्या लॅपटॉपवर जुना लिनक्स टाकला की पहिलं रडगाणं वायफायचं. फरक हार्डवेअरच्या नवेपणाचा नाहीच, करार आहे की नाही याचा आहे.

आणि जिथे करार होता तिथेही तो डिफॉल्ट सेटिंगने मोडता येतो. लॅपटॉप रिपेअर करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, अकराव्या जनरेशनपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज टाकायला बसलं की डिस्कच दिसत नाही, लोक एसएसडी गेली म्हणून घेऊन येतात. एसएसडी तीच एनव्हीएमई, धडधाकट, पण फर्मवेअरमध्ये व्हीएमडी नावाचं सेटिंग कारखान्यातूनच चालू करून पाठवलेलं असतं, ते डिस्कला आपल्या मागे लपवतं, मग वेगळा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन भरवायचा किंवा बायोसमध्ये जाऊन ते बंद करायचं, आणि काही मॉडेलमध्ये तो पर्याय समोर दिसतच नाही. सामान्य माणसाला हे कसं कळणार? २०१५ च्या इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरच्या वेळी असंच झालं होतं, चिपसेटमधून यूएसबी २ चा जुना कंट्रोलर काढला आणि विंडोज सेव्हनच्या डीव्हीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता, तर इन्स्टॉल करताना कीबोर्ड आणि माउस दोन्ही मेलेले, स्क्रीनवर नेक्स्टचं बटण दिसतंय आणि ते दाबता येत नाही. सेव्हनला त्या वेळी मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट चालू होता, तो १४ जानेवारी २०२० ला संपला. म्हणजे हे कुठल्या मेलेल्या सिस्टीमबद्दल नाही, पैसे देऊन घेतलेल्या आणि सपोर्ट चालू असलेल्या सिस्टीमबद्दल बोलतोय मी. २०१७ मध्ये तर नव्या प्रोसेसरवर सेव्हन चालवली तर अपडेटच बंद केले, तिथे तांत्रिक अडचण नव्हती, प्रोसेसर ओळखून दार लावलं.

झोपेचंही तसंच. आधी लॅपटॉप मिटला की तो एस३ मध्ये जायचा, फक्त रॅमला वीज, बाकी सगळं बंद. आता बऱ्याच नव्या लॅपटॉपमधून एस३ काढून टाकलंय, त्याऐवजी मॉडर्न स्टँडबाय, ज्यात मशीन पूर्ण झोपत नाही, डुलकी घेतं, आणि त्यासाठी कर्नलला प्रत्येक तुकड्याला वेगवेगळं झोपवावं लागतं. ज्या कर्नलला हे नीट जमत नाही त्याच्यावर लॅपटॉप बॅगेत गरम होतो आणि सकाळी बॅटरी शून्य. नवीन सोय दिली ते चांगलंच, पण जुनी का काढली? दोन्ही ठेवून फर्मवेअरमध्ये निवडायची मुभा काही लॅपटॉपमध्ये प्रत्यक्षात दिलेली होती, म्हणजे जमतं.

आता विरुद्ध बाजू, आणि ती कच्ची नाहीये. जुनं सांभाळायचं म्हणजे जुनी भोकंही सांभाळायची. लेगसी बूटसाठी यूईएफआयच्या आत जो सीएसएम नावाचा जुन्या बायोसचा सांगाडा ठेवला होता तो १६ बिटच्या काळातला कोड, त्यात सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय, चालूच शकत नाही, आणि इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं की २०२० पर्यंत आम्ही तो काढणार. तीन वर्षं आधी सांगून काढला, याला मी नावं ठेवणार नाही. लिनक्सनेसुद्धा ३८६ प्रोसेसर सोडला, २०२४ च्या सुरुवातीच्या ६.७ मधून इटॅनियम सोडला. आणि एक्सपी इंटरनेटला जोडून वापरा असं कुणी म्हणत असेल तर मीच त्याला आधी विरोध करेन, काकांच्या त्या पीसीला नेटवर्कची वायरच नाहीये, फाइल पेनड्राइव्हने जाते. पण सुरक्षेचं कारण खरं असेल तिथे खरं, त्याची ढाल करून बाकी सगळं मोडू नये. प्रोसेसर ओळखून अपडेट बंद करण्यात कसली सुरक्षा होती, उलट लोक पॅच नसलेल्या मशीनवर बसले.

सिक्युअर बूटचं प्रकरण मात्र खरंच गुंतागुंतीचं आहे आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष आहे. फर्मवेअर ज्या सह्या मानतं त्यातली मायक्रोसॉफ्टची २०११ ची सर्टिफिकेट २०२६ मध्ये मुदत संपणारी आहेत, काही जूनमध्ये आणि विंडोजच्या बूटलोडरचं, म्हणजे सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं, ऑक्टोबरमध्ये, त्यांच्या जागी २०२३ ची आली आहेत. लगेच मशीन बंद पडतील असं नाही, कारण फर्मवेअर साधारणपणे तारीख बघत नाही, सही ओळखीची आहे का तेवढं बघतं. पण यापुढे ज्या बूटलोडरवर फक्त नवी सही असेल तो जुन्या बोर्डावर उठणार नाही जोपर्यंत नवं सर्टिफिकेट आत जात नाही, आणि ज्या बोर्डात फक्त नवं असेल तिथे जुनी लिनक्सची डीव्हीडी उठणार नाही. दोन्ही दिशांनी तुटतं. याला एकच न्याय्य उत्तर आहे असं मला वाटतं, की मशीनच्या मालकाला स्वतःच्या सहीची किल्ली आत टाकता आली पाहिजे आणि ती टाकायची जागा फर्मवेअरमध्ये सापडली पाहिजे, लपवलेली नको. घर माझं आणि कुलूप बदलायला दुसऱ्याची परवानगी, हे चालणार नाही.

लोक म्हणतात जुनी सिस्टीम व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनमध्ये, चालवा की. जिथे जमतं तिथे जरूर चालवा, ऑफिसचं जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर मी असंच वाचवलंय. पण मोशन कार्डला मिलिसेकंदाचा हिशेब लागतो, मध्ये अजून एक थर आला की ठोका चुकतो आणि लाकडावर खाच पडते. मला व्हर्च्युअल मशीनमधून शिकण्यासारखं दुसरंच काही दिसतं. क्यूईएमयू नावाचा प्रोग्रॅम आत चालणाऱ्या सिस्टीमला आजही १९९६ चा इंटेलचा ४४०एफएक्स चिपसेट दाखवू शकतो, आणि त्यांनी मशीनच्या प्रकारांना आवृत्तीचे नंबर दिले आहेत, एकदा एका नंबरचं मशीन घेतलं की क्यूईएमयू नवा झाला तरी आतल्या कर्नलला तेच मशीन दिसतं. हे कायमचं नाही, तीन वर्षांनी तो प्रकार जुना म्हणून जाहीर होतो आणि सहा वर्षांनी काढतात, पण ते आधी लिहून ठेवलेलं आहे. मला खऱ्या बोर्डाकडून एवढंच हवंय. अनंत काळ कुणी कुणाला सांभाळत नाही हे मलाही कळतं, पण किती काळ ते सांगा, लिहून द्या, आणि तेवढा काळ पाळा.

आणि हे मागायचं कुणी? एकटा गिऱ्हाईक मागून काही होत नाही, काकांचं कोण ऐकणार. मागायची ताकद आहे सरकारी खरेदीत. शाळा, आयटीआय, जिल्हा परिषदा, रुग्णालयं, जेम पोर्टलवरून किती कॉम्प्युटर घेतले जातात, आणि त्याच्या अटींमध्ये प्रोसेसर कोणता, रॅम किती, वॉरंटी किती वर्षं एवढं असतं, फर्मवेअरला किती वर्षं अपडेट मिळणार, कोणत्या जुन्या कर्नलवर तपासलंय याची ओळ मी पाहिलेल्या कुठल्याच टेंडरमध्ये नव्हती. मी एका शाळेची लॅब बघतो, तिथे वीस मशीनवर लिनक्सची एकच इमेज, म्हणजे सगळं बसवून ठेवलेली तयार प्रत, आहे, पुढच्या वर्षी दहा मशीन आल्या त्याच नावाच्या, त्याच डब्यातल्या, पण आतला चिपसेट नव्या पिढीचा, आणि तीच इमेज टाकली तर स्क्रीन काळी. सरांनी मला विचारलं, मग जुन्या वीस पण बदलायच्या का? नाही, कर्नल बदलायचा, उबुंटू या लिनक्सच्या एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टच्या, आवृत्तीत जुन्या सिस्टीमखाली नवा कर्नल घालायची सोय असते, ती मी वापरली आणि चाललं. पण ज्या शाळेत असं बघणारा कुणी नाही तिथे त्या दहा मशीन कव्हर घालून ठेवल्या जातात.

२०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. स्पेअर पार्ट, मॅन्युअल याची चर्चा त्यात होते, चांगलंच आहे, पण फर्मवेअर हासुद्धा पार्टच आहे हे अजून लोकांच्या पचनी पडलेलं नाही. युरोपने सायबर रेझिलियन्स कायदा केला, तो डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला, मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून, आणि त्यात सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट द्यायचे असं आहे, सपोर्टची मुदत गिऱ्हाइकाला आधी सांगायची आहे. म्हणजे तेच बोर्ड बनवणारे लोक युरोपसाठी हे करणारच आहेत. आपण मागितलं नाही तर आपल्याकडे ते आपोआप येईल अशी मला आशा नाही.

काकांचं मशीन पुढे कसं चाललं ते सांगतो. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एच६१ चिपसेटचे बोर्ड अजून मिळतात, २०११ चा चिपसेट, त्याच्यावर एक्सपी व्यवस्थित चालते. मी दोन आणले, एक लावला, रविवारी रात्री अकरा वाजता राउटर सुरू झाला, दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून काकांच्या कपाटात ठेवलाय, वर तारीख लिहून. तो गेला की तिसरा मिळेल का मला माहीत नाही.

आणि शाळेसाठी या वर्षी पंधरा मशीन घ्यायच्या आहेत, तर कोटेशन मागवायचं पत्र सरांनी मलाच लिहायला सांगितलं. त्यात मी तीन ओळी जास्तीच्या घातल्या. एक, मशीन आत्ताच्या इमेजवर बदल न करता चालवून दाखवावी. दोन, फर्मवेअरमध्ये व्हीएमडी बंद करता यावं आणि स्वतःची किल्ली टाकता यावी. तीन, फर्मवेअरचे अपडेट किती वर्षं मिळतील तो आकडा लिहावा. सप्लायरने पहिल्या दोन ओळींपुढे मान्य असं लिहून सही-शिक्का दिलाय, तिसऱ्या ओळीपुढची जागा कोरी आहे. पत्र मी तसंच परत पाठवलंय.